नव्याने जोडलेल्या पीसीतून शिट्टी, गुणगुण, खरखर येतेय? आधी आवाजाचा मार्ग शोधा

‘एसएमपीएस बदलून पाहिला, तरी आवाज तसाच.’ या तक्रारीत हे वाक्य हमखास येतं. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर, संशय जातो कारण ‘विद्युत आवाज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे प्रकार मोडतात. एकात पीसीतला एखादा भाग स्वतःच कंपतो आणि तो आवाज हवेतून कानावर येतो. दुसऱ्यात पीसी शांत असतो. गडबड तारेतून स्पीकर किंवा हेडफोनपर्यंत जाते आणि तिथे आवाज बनते. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी आपल्याकडे यातला कोणता प्रकार आहे ते ठरवा.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. जळका वास, ठिणगी उडाल्यासारखा तडतड आवाज किंवा एखादा कनेक्टर हाताला चटका देईल इतका गरम, यातलं काहीही असेल तर चाचण्या करत बसू नका. मागचा स्विच बंद करा, प्लग काढा. खालचं सगळं फक्त त्रासदायक पण निरुपद्रवी आवाजांबद्दल आहे.

पहिली फाळणी

स्पीकर आणि हेडफोनचे जॅक काढा. स्पीकरचा पॉवर प्लगही काढा. आता पीसी चालू करून त्रास होतो तेच काम करा: गेम, स्क्रोलिंग, नुसता डेस्कटॉप, जे असेल ते. आवाज अजून येतोय? मग तो कॅबिनेटमधूनच येतोय. थांबला? मग ऑडिओच्या मार्गात शोधायचं. तिसरी शक्यताही तपासा: स्पीकरला फक्त वीज द्या, पीसीची ऑडिओ केबल जोडूच नका. तरीही घरघर असेल तर पीसीचा काही संबंध नाही. दोष स्पीकरच्या अॅम्प्लिफायरमध्ये, त्याच्या अॅडाप्टरमध्ये किंवा त्याच लाइनवरच्या डिमर, चार्जर अशा एखाद्या वस्तूत आहे.

आवाज फक्त गाणं किंवा व्हिडिओ चालू असताना तुटक ‘टक्’, ‘चर्र’ असा येत असेल आणि शांततेत अजिबात येत नसेल, तर ती विजेची गडबड नाही. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला वेळेवर मोकळं सोडत नाही, त्यामुळे ऑडिओ बफर रिकामा पडतो. लेटन्सीमॉनसारखं टूल दहा मिनिटं चालवून कोणता ड्रायव्हर आडवा येतो ते पाहा. नेटवर्क आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर यात वारंवार दिसतात. तसंच गाणं सुरू होताना आणि संपल्यावर काही सेकंदांनी एकच ‘टप्’ येत असेल, तर वीज वाचवण्यासाठी ऑडिओ चिप झोपते आणि उठते, त्याचा तो आवाज.

कॅबिनेटमधून येणारा आवाज

आधी पंखे बाजूला काढा, कारण पंख्याची गुणगुण आणि कॉइलची (वीज नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधल्या तारेच्या वेटोळ्याची) गुणगुण कानाला सहज फसवतात. फोनवर कुठलंही स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप टाका. पंख्याचा हिशेब सोपा आहे: १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या, सात पाती असतील तर १४० हर्ट्झ. अॅपमध्ये १४० च्या आसपास टोक दिसलं आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) वेग बदलल्यावर ते सरकलं, तर तो पंखाच. लिक्विड कूलरच्या पंपालाही हेच लागू. २८०० आरपीएमचा पंप ४७ हर्ट्झच्या जवळ आणि त्याच्या पटीत दिसतो. कॉइलची शिट्टी सहसा याच्या बरीच वर, किलोहर्ट्झमध्ये असते आणि पंख्यांच्या वेगाने तिच्यात फरक पडत नाही.

पंख्याचा बारीक ‘टिकटिक’ किंवा ‘गुर्र’ आवाज फक्त कमी वेगात येत असेल तर बायोसमधला फॅन मोड बघा. चार पिनचा पंखा २५ किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएम (उघडझाप करून वेग ठरवणाऱ्या) सिग्नलवर चालण्यासाठी बनलेला असतो. त्याचा हेडर (मदरबोर्डवरची जोडणीची जागा) चुकून डीसी मोडवर असेल तर त्याला १२ ऐवजी पाच-सहा व्होल्ट मिळतात आणि आतलं सर्किट कुरकुरतं. उलट तीन पिनचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने पळतो. ‘ऑटो’ वर विसंबू नका, मोड हाताने निवडा.

पंखे निर्दोष सुटले की उरते कॉइल. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट सुमारे १ व्होल्टवर आणतात. हे काम करणारं सर्किट सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतं, आणि ते माणसाला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो लोडचा चढउतार. प्रत्येक फ्रेम काढताना कार्ड करंट ओढतं, फ्रेम संपली की सैल सोडतं. गेमच्या मेन्यूत १५०० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळत असतील तर हे सेकंदाला १५०० वेळा होतं आणि कॉइलची तार, तिचा गाभा, शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर त्याच तालावर हलतात. म्हणून मेन्यूत आणि लोडिंग स्क्रीनवर किंकाळी, प्रत्यक्ष गेममध्ये मात्र कुजबुज.

खात्री करायला ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एफपीएसला मर्यादा घाला. आधी ६०, मग १४४, मग मर्यादा काढून टाका. सूर एफपीएसबरोबर वर-खाली गेला तर लोड ग्राफिक्स कार्डाचा आहे, हे नक्की. इथेच बरेच जण चुकतात. लोड कार्डाचा आहे म्हणजे गातंय कार्डच, असं नाही. कार्ड जो करंट हिसके देत ओढतं तो एसएमपीएसमधूनच येतो, आणि एसएमपीएसमधली कॉइलसुद्धा त्याच सुरात गाऊ शकते. त्यामुळे एकच कार्ड एका एसएमपीएसवर शांत आणि दुसऱ्यावर कर्कश वाटू शकतं, आणि त्यात दोन्ही भाग बिघडलेले नसतात.

नेमकं कोण गातंय ते शोधायला जाड कागदाची गुंडाळी करा, हातभर लांब. साइड पॅनल काढा, एक टोक कानाला आणि दुसरं संशयित भागापासून तीन-चार सेंटिमीटरवर. कार्डाचं मागचं टोक, प्रोसेसरभोवतीचे चौकोनी ठोकळे, एसएमपीएसची जाळी, असं एकेक करून ऐका. फरक स्पष्ट कळतो. धातूची नळी वापरू नका, जाळीतून आत काही घालू नका, आणि केस किंवा गळ्यातली साखळी पंख्यांपासून लांब ठेवा.

माऊस हलवताना किंवा पान स्क्रोल करताना येणारी ‘कुईकुई’ बहुधा प्रोसेसरच्या बाजूची असते. रिकामा बसलेला प्रोसेसर झोपतो आणि माऊसचा प्रत्येक संदेश त्याला उठवतो. माऊसचा पोलिंग रेट, म्हणजे सेकंदाला संदेशांची संख्या, १००० हर्ट्झ असेल तर हे सेकंदाला हजार वेळा घडतं. तो १२५ वर आणा. सूर एकदम खाली आला तर निदान झालं. चाचणीसाठी बायोसमध्ये सी-स्टेट (प्रोसेसरची झोपण्याची सोय) बंद करून पाहा. एएमडी रायझनच्या बोर्डांवर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ असा पर्याय असेल तर तो ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. सी-स्टेट कायम बंद ठेवला तर पीसी नुसता बसलेला असतानाही जास्त वीज खातो आणि तापतो, हा व्यवहार परवडतो का ते तुम्हीच ठरवा. आमच्या मते आधी पोलिंग ५०० वर आणून बघावं. रोजच्या कामात कुणालाही फरक जाणवत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या शिट्टीवर उपाय या क्रमाने करा. एफपीएसची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला किंवा त्याच्या दोन-तीन खाली घाला. एखाद्या ठराविक एफपीएसलाच सूर टोकदार होत असेल तर मर्यादा पाच-दहाने सरकवा, कारण कॉइलची स्वतःची एक आवडती कंपनसंख्या असते. मग पॉवर लिमिट ८० ते ९० टक्क्यांवर आणा. त्यानंतर अंडरव्होल्ट: कार्डाचा नेहमीचा क्लॉक कमी व्होल्टेजवर टिकतो का ते २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरत पाहा, आणि गेम कोसळला की एक पायरी वर या. करंट घटला की आवाज घटतो. कार्डाला दोन पॉवर सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडं लावण्याऐवजी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. आवाजात फरक थोडाच पडेल, पण केबलसाठी ते तसंही बरंच.

‘रात्रभर लोडवर चालवा, कॉइल बसते’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. काहींचा आवाज बदलतो, काहींचा नाही. त्यावर भरवसा ठेवून परतीची मुदत घालवू नका. कॉइलवर गोंद किंवा इपॉक्सी ओतायचा प्रयोग वॉरंटी घालवतो. एसएमपीएस तर उघडूच नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

पीसी बंद असतानाही टिकटिक किंवा बारीक शिट्टी येते? मागचा स्विच बंद केल्यावर थांबली तर ती एसएमपीएसच्या ५ व्होल्ट स्टँडबाय भागाची. भार फार कमी असताना हे सर्किट थांबून थांबून झटके देत चालतं. बायोसमध्ये ‘ईआरपी’ (बंद पीसीची वीज वाचवणारा पर्याय) चालू केलं की स्टँडबायवरचा भार बदलतो आणि बरेचदा आवाजही जातो. मात्र मग कीबोर्डने किंवा नेटवर्कवरून पीसी उठवता येत नाही, आणि बंद पीसीवर फोन चार्ज होत नाही. आणि वीज गेल्यावर यूपीएसवर असतानाच एसएमपीएस घुमत असेल, तर यूपीएस शुद्ध साइन वेव्ह न देता पायऱ्यांची लाट देतोय. एसएमपीएस निर्दोष आहे.

तारेतून येणारा आवाज

इथे फुकटच्या गोष्टी आधी. साउंड सेटिंगमध्ये माइक बूस्ट २० किंवा ३० डेसिबलवर असेल तर शून्यावर आणा. ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ बंद करा. न वापरलेले लाइन-इन, स्टिरिओ मिक्स बंद करा. आणि एक सवय जी जवळपास सगळेच उलटी पाळतात: पीसीचा व्हॉल्यूम २० टक्के आणि स्पीकरचा नॉब पूर्ण. केबलमध्ये शिरलेली गडबड स्पीकरच्या अॅम्प्लिफायरमधून जाते, म्हणून नॉब जितका वर तितकी ती मोठी. पीसी १०० टक्क्यांवर ठेवा आणि आवाज स्पीकरच्या नॉबने कमी करा. निम्म्या तक्रारींची धार इथेच बोथट होते.

मग जागा बदला. पुढच्या जॅकवर खरखर आणि मागच्या जॅकवर शांत? तर पुढच्या पॅनलच्या ऑडिओ केबलची भानगड. मदरबोर्डवर तिची जागा सहसा खालच्या डाव्या कोपऱ्यात असते, आणि तिथून पुढे येताना ती ग्राफिक्स कार्डाच्या खालून किंवा जाड यूएसबी ३ केबलला चिकटून जाते. ती मदरबोर्ड ट्रेच्या मागून फिरवा, त्या दोन शेजाऱ्यांपासून लांब. कनेक्टर नीट बसलाय ना ते पाहा: दहा जागांपैकी आठव्या जागी पिन नसते, ग्राउंड दुसऱ्या पिनवर असतो, आणि ती पिन वाकली तर हेडफोनमध्ये हमखास घरघर. जुन्या कॅबिनेटमध्ये एकाच केबलवर ‘एसी ९७’ आणि ‘एचडी ऑडिओ’ अशी दोन तोंडं असतात. एचडी ऑडिओचंच लावा. एवढं करूनही खरखर राहिली तर पुढचा जॅक विसरा आणि मागच्याला एक्स्टेंशन केबल लावा. त्यात कमीपणा काही नाही.

बोर्ड बसवताना झालेली चूकही इथे उघडी पडते. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे राहिलेला जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) मागच्या सोल्डरला टेकतो. मागच्या आयओ शील्डची एखादी पत्र्याची जीभ पोर्टच्या आत वळते. प्रमाण एटीएक्स बोर्डला नऊ भोकं असतात. स्टँडऑफ मोजा, आणि प्रत्येक स्टँडऑफवर बोर्डाचं भोक आलंय ना ते बघा.

मागच्या जॅकवरही गडबड असेल तर फोनची चाचणी. तेच स्पीकर, तीच केबल, पण पीसीच्या जागी बॅटरीवर चालणारा फोन, चार्जर न लावता. घरघर गेली? मग बहुधा ग्राउंड लूप.

तो असा बनतो. पीसी तीन पिनच्या प्लगने अर्थला जोडलेला, स्पीकरही तीन पिनच्या प्लगने अर्थला जोडलेले, आणि ऑडिओ केबलचं शील्ड दोघांना आणखी एकदा जोडतं. एक बंद कडं तयार झालं. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या कड्यातून करंट वाहतो आणि स्पीकरचा अॅम्प्लिफायर त्याला संगीत समजतो. ५० हर्ट्झच्या विजेवर तो ५०, १०० आणि १५० हर्ट्झची घुमणारी घरघर देतो, ६० हर्ट्झच्या विजेवर ६०, १२०, १८०. याच कड्यातून पीसीच्या आतल्या करंटची पावलंही ऐकू येतात; म्हणून माऊस हलवला की स्पीकरमध्ये ‘झिर्र’, गेम सुरू झाला की ‘बझ्झ’. किती कमी गडबड पुरते पाहा: २ व्होल्टच्या सिग्नलपुढे १ मिलिव्होल्ट म्हणजे उणे ६६ डेसिबल, आणि शांत खोलीत ती ऐकू येते.

कडं कुठून बंद होतं ते शोधायला एकेक केबल काढत जा. पहिला संशय टीव्हीला जाणाऱ्या एचडीएमआयवर, विशेषतः टीव्हीला अँटेना किंवा केबलची वायर जोडलेली असेल तर. मग मॉनिटर, प्रिंटर, बाहेरून वीज घेणारी हार्ड डिस्क. साध्या लॅन केबलवर वेळ घालवू नका, तिच्यात आधीच ट्रान्सफॉर्मर असतो; फक्त धातूच्या तोंडाची शील्ड असलेली केबल दोन अर्थ जोडू शकते. स्पीकरचा प्लग दोन पिनचाच असेल तर त्याच्या वाटेने लूप होत नाही, पण तेच स्पीकर दुसऱ्या अर्थ असलेल्या यंत्रालाही जोडलेले असतील तर पुन्हा कडं पूर्ण.

सगळ्यात स्वस्त उपाय: पीसी, मॉनिटर, स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर. नाही भागलं तर ऑप्टिकल आउटपुट वापरा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, करंट नाही, त्यामुळे कडं तिथेच तुटतं. स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट (दोन तारांवर उलटसुलट सिग्नल घेऊन गडबड रद्द करणारा) असेल तर तशाच आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या. केबलमध्ये लावायचा ऑडिओ आयसोलेटर, म्हणजे छोटा १:१ ट्रान्सफॉर्मर, घरघर नक्की घालवतो, पण अगदी चिमुकला असेल तर खालचा बासही थोडा खातो.

‘यूएसबी डॅक घेतला की सुटका’ हे अर्धसत्य आहे. डॅक म्हणजे डिजिटल आवाज स्पीकरला लागणाऱ्या सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते, लूप तसाच राहतो. बाहेरून वीज घेणारा यूएसबी हबही ग्राउंड तोडत नाही. त्यासाठी यूएसबी आयसोलेटर लागतो. एडीयूएम ३१६० किंवा ४१६० चिपचे आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंत चालतात; स्टिरिओ डॅकला ते पुरतं, पण हाय-स्पीड मागणारा इंटरफेस त्यावर उठणारच नाही. स्पेक्ट्रममध्ये नेमक्या १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झवर सुईसारखं टोक दिसलं तर गडबड यूएसबीचीच: फुल-स्पीडची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते आणि हाय-स्पीडची १२५ मायक्रोसेकंदाला.

स्पीकरच्या किंवा पीसीच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे. घरघर जाते खरी. पण एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत चढतो, २३० व्होल्टवर सुमारे ११५. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिणी येते. आत इन्सुलेशन फुटलं तर मात्र ती झिणझिणी राहत नाही.

हीच खूण उलटीही वाचता येते. कॅबिनेटला हात लावला की आवाज बदलतो, किंवा पत्र्यावर बोट फिरवताना बारीक थरथर जाणवते? मग सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलेलं आहे. चांगल्या सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही व्होल्टेज जवळपास सारखे येतात. मुख्य विजेवर मीटर लावायची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत बाकी कुठलाही उपाय टिकत नाही.

राहिल्या दोन बारीक गोष्टी. आरजीबी पट्ट्या झपाट्याने उघडझाप करत प्रकाश कमी-जास्त करतात आणि ५ व्होल्टची लाइन हलवतात. सॉफ्टवेअरमधून दिवे बंद करून पुरत नाही, हेडर उपसून ऐका. आणि वायरलेस माऊस उड्या मारत असेल किंवा वायरलेस हेडफोन तुटत असेल तर रेडिओतली गडबड बघा: यूएसबी ३ चा डेटा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडतो. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात लावा, किंवा मीटरभर एक्स्टेंशनने यूएसबी ३ च्या पोर्टापासून दूर न्या.

परत करायचं ठरलं तर

कॉइलच्या शिट्टीला बहुतेक कंपन्या बिघाड मानत नाहीत, त्यामुळे वॉरंटीपेक्षा विक्रेत्याची परतीची मुदत जास्त कामाची. तक्रार करताना नुसतं ‘आवाज येतो’ लिहू नका. कॅबिनेटपासून २० सेंटिमीटरवर फोन ठेवून सलग एक रेकॉर्डिंग करा: आधी पीसी रिकामा, मग ६० एफपीएसची मर्यादा घालून, मग मर्यादा काढून, आणि स्क्रीनवर एफपीएसचा आकडा दिसू द्या. पंखे त्या वेळी एका ठराविक वेगावर बांधून ठेवा, म्हणजे ‘पंख्याचा असेल’ हे उत्तर येत नाही. तेच कार्ड दुसऱ्या एसएमपीएसवर लावून ऐकलं असेल तर त्या एसएमपीएसचं मॉडेल आणि वॅटही लिहा.